सपाट टप्पे: स्प्रिंटच्या आधीचे चार तास बघायचं काय?

वाऱ्याची_दिशा

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली आणि रस्त्यावरची सायकलशर्यत पहिल्यांदाच डोळ्यांसमोर बघितलेले बरेच जण आता टूर द फ्रान्स बघायचं म्हणताहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. डोंगरातला टप्पा कळतो. कोण सुटलं, कोण मागे पडलं ते दिसतं. सपाट टप्प्यात मात्र दीडशेहून जास्त लोक चार तास एका घोळक्यात चालवत राहतात आणि शेवटच्या पंधरा सेकंदांत निकाल लागतो. मग शेवटचे पाच किलोमीटर लावले की झालं, नाही का?

मला सपाट टप्पे मनापासून आवडतात, अगदी पहिल्या किलोमीटरपासून. का, ते एका टप्प्यावरून सांगतो.

13 जुलै 2025. नववा टप्पा, शिनाँ ते शातोरू, 174 किलोमीटर. चढ जवळजवळ नाहीच. शातोरू हे स्प्रिंटरांचं गाव. मार्क कॅव्हेंडिशने टूरमधला आपला पहिला टप्पा 2008 साली इथेच जिंकला, नंतर 2011 आणि 2021 मध्येही इथे तोच जिंकला. त्यामुळे त्या सकाळी कुणालाही विचारलं असतं तरी दोनच नावं ऐकू आली असती: टिम मेर्लिये आणि जोनाथन मिलान.

झेंडा पडला आणि माथ्यू फान डेर पूल आणि योनास रिकार्ट पुढे निघून गेले. दोघेही अल्पेसिन या एकाच संघाचे, सोबत तिसरं कुणी नाही. त्यांचा स्प्रिंटर यास्पर फिलिपसन पहिला टप्पा जिंकला होता आणि तिसऱ्या टप्प्यात मधल्या स्प्रिंटच्या (वाटेतल्या एका रेषेवर गुणांसाठी होणाऱ्या) वेळी पडून, कॉलरबोन मोडून घरी गेला होता. तो असता तर याच संघाने दिवसभर घोळक्याच्या तोंडाशी राहून पळणाऱ्यांना आवरलं असतं. तो नव्हता म्हणून आवरणारेच पळाले. आघाडी पाच मिनिटांवर गेली. मागे मिलान आणि मेर्लियेच्या संघांना नेहमीपेक्षा कितीतरी आधी माणसं कामाला लावावी लागली. त्यात शेवटच्या भागात आडवा वारा, त्यामुळे सगळाच घोळका चिंताग्रस्त. शेवटच्या दहा किलोमीटरांत रिकार्टचे पाय संपले आणि फान डेर पूल एकटा उरला. शेवटच्या किलोमीटरची लाल कमान त्याने एकट्याने ओलांडली. पुढच्या काहीशे मीटरांत घोळक्याने त्याला गाठलं आणि मेर्लियेने मिलानला मागे टाकून टप्पा जिंकला. त्या दिवसाची सरासरी ताशी 50 किलोमीटरच्या किंचित वर होती. टूरच्या इतिहासात याहून वेगवान साधा टप्पा (म्हणजे घड्याळाविरुद्धची टाइम ट्रायल सोडून) एकच, 1999 चा लाव्हाल ते ब्ल्वा: 50.355. तोही सपाटच होता, आणि तो मारियो चिपोलिनीने जिंकला होता.

शेवटचे पाच किलोमीटर बघणाऱ्याला त्या दिवशी एक दमलेला माणूस पकडला जाताना दिसला. पहिल्यापासून बघणाऱ्याला सलग तीन तास एकच प्रश्न छळत होता: पकडणार की नाही? निकालाच्या पहिल्या दहांत ज्यांची नावं कधीच येत नाहीत, त्या माणसांनी हा टप्पा घडवला. सपाट टप्प्यात बघायचं ते हेच, असं मी मानतो.

तुम्ही काय बघता, कसं बघता, लिहा.

सह्यकडा

धागा चांगला आहे पण मी सहमत नाही. तुम्ही शातोरू निवडलंत, कारण तो दिवस वेगळा होता. दर टूरमध्ये सहा-सात सपाट टप्पे असतात आणि त्यातल्या निम्म्यांत काहीही घडत नाही. 2020 चा पाचवा टप्पा आठवा, प्रिव्हासला संपलेला. त्या दिवशी कुणी पळालंच नाही! सगळा घोळका गप्पा मारत निम्म्या फ्रान्समधून फिरून आला. असले टप्पे शंभर किलोमीटरचे करा. मी आख्खा बघेन.

कऱ्हाकाठ

वाचनखूण साठवली. माझ्यासारख्या नवख्याला एक सांगा. घोळका दोघा-तिघांना पुढे जाऊ तरी का देतो? इतके लोक मिळून त्यांना पहिल्याच किलोमीटरला पकडू शकत नाहीत का?

वाऱ्याची_दिशा

@कऱ्हाकाठ, पकडू शकतात. पकडायचं नसतं म्हणून सोडतात.

पहिल्याच किलोमीटरला पकडलं की दुसरे दोघे सुटतात. त्यांना पकडलं की आणखी चौघे. असं चार तास चालू राहिलं तर स्प्रिंटरचे साथीदार दुपारीच गळून जातील. त्यापेक्षा दोन, तीन, फार तर चार जणांना जाऊ द्यायचं, तेही असे की ज्यांची एकूण क्रमवारीत (सगळ्या टप्प्यांच्या वेळेच्या बेरजेत) भीती नाही. पतंगाला ढील देतात तशी ढील द्यायची आणि मांजा हातात ठेवायचा. अंतर दोन-तीन मिनिटांवर धरून ठेवायचं. फार आखडून घेतलं तर लवकर पकडले जातात आणि नवे हल्ले सुरू होतात. फार सोडलं तर हातातून जातात.

यासाठी एक जुना ठोकताळा आहे. रोबेर शापात नावाचे फ्रेंच सायकलपटू पुढे पत्रकार झाले, त्यांच्या नावाने तो ओळखला जातो: उरलेल्या दर दहा किलोमीटरला घोळका एक मिनिट भरून काढू शकतो. म्हणजे वीस किलोमीटर राहिलेत आणि आघाडी दीड मिनिटाची आहे, तर पुढचे बहुतेक पकडले जाणार. अडीच मिनिटांची असेल तर घोळका अडचणीत. टीव्हीवर डावी-उजवीकडे हे दोन आकडे कायम दिसतात. एवढं गणित मनात ठेवून बघितलंत की झोप येणार नाही.

आणि तोंडाशी कोण आहे ते बघा. दर संघाचा एखादा माणूस याच कामासाठी असतो. क्विक-स्टेप संघात टिम डेक्लर्कने इतकी वर्षं हे केलं की त्याला ट्रॅक्टरच म्हणायचे. अल्पेसिनमध्ये सिल्व्हान डिलिये. तासन् तास घोळक्याच्या पुढे, तोंडावर वारा घेत. मागे मधोमध बसलेल्याला किती आराम असतो याचा अभ्यास बर्ट ब्लॉकन यांच्या गटाने 2018 मध्ये 121 जणांच्या घोळक्यावर केला होता. एकट्या सायकलपटूला हवेचा जो विरोध होतो, त्याच्या 5 ते 10 टक्केच घोळक्याच्या पोटातल्या माणसाला होतो. डेक्लर्कने खाल्लेला वारा म्हणजे त्याच्या स्प्रिंटरच्या पायांत साठवलेली ताकद.

युट्रेख्टवासी

मी नेदरलँड्सला राहतो, त्यामुळे वाऱ्याविषयी मला बोललंच पाहिजे.

2015 ची टूर युट्रेख्टहून निघाली. दुसरा टप्पा युट्रेख्टहून झीलंडमध्ये, समुद्रातल्या बांधावर नेल्टये यान्स या कृत्रिम बेटावर संपणारा. नकाशावर संपूर्ण सपाट. हा देशच सपाट आहे. सकाळी आम्ही सायकली घेऊन शहराबाहेर उभे होतो. ऊन होतं, घोळका शांत होता, झेंडे मात्र फडफडत होते. घरी येऊन टीव्ही लावला तर किनाऱ्याजवळ आभाळ फाटलं होतं. पाऊस इतका की हेलिकॉप्टरमधून रस्ता दिसेना. आणि त्या आडव्या वाऱ्यात घोळक्याचे तुकडे झाले.

आडवा वारा आला की माणसं एकामागे एक राहून भागत नाही, तिरकी रांग लावावी लागते. रस्त्याची रुंदी ठरलेली, त्यामुळे त्या तिरक्या रांगेत पंधरा-वीस जणच मावतात. एकविसावा माणूस रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीवर, वारा पूर्ण अंगावर घेत कसाबसा टिकतो. त्याच्यासमोर फट पडली की संपलं. त्याच्यामागच्या सगळ्यांचंच संपलं.

त्या दिवशी नैरो किंताना अशाच मागच्या तुकड्यात अडकला आणि ख्रिस फ्रूमपेक्षा 1 मिनिट 28 सेकंद मागे पडला. टप्पा आंद्रे ग्रायपेलने जिंकला, स्प्रिंटमध्ये. तीन आठवड्यांनी पॅरिसला फ्रूम जिंकला, किंतानापेक्षा 1 मिनिट 12 सेकंदांनी. आल्प्समधल्या आल्प द्युएझच्या चढावर किंतानाने केलेला हल्ला सगळ्यांना आठवतो, आठवायलाच हवा. पण हिशोब मांडला तर झीलंडच्या त्या ओल्या बांधावर गेलेला वेळ पूर्ण टूरच्या फरकापेक्षा जास्त होता.

@सह्यकडा, म्हणून सपाट टप्पा शंभर किलोमीटरचा करण्याला माझा विरोध आहे. वारा कुठे गाठेल ते कुणाला माहीत नसतं. संघ आपली एक गाडी तासभर पुढे पाठवतात, वारा कुठून येतोय ते कळवायला. मी बघताना झाडं बघतो, मक्याची शेतं बघतो, चर्चच्या आवारातले झेंडे बघतो. आणि पुढे रस्ता कुठे वळणार ते नकाशावर. मागून येणारा वारा नव्वद अंशांच्या वळणानंतर आडवा होतो. अनुभवी संघ त्या वळणाच्या दोन किलोमीटर आधी पुढे सरकायला लागतात. ते सरकताना दिसले की मी चहाचा कप खाली ठेवतो.

मृण्मयी_०७

वा, किती छान समजावलंय दादा. माझा प्रश्न: सपाट टप्प्याच्या शेवटी पोगाचार, विंगेगार या पूर्ण टूर जिंकू बघणाऱ्यांचे संघ पण पुढे येतात. त्यांना तर स्प्रिंट मारायचा नसतो. ते का धडपडतात?

युट्रेख्टवासी

@मृण्मयी_०७ ताई, वेळेसाठी. एका घोळक्यात रेषा ओलांडली तर सगळ्यांना एकच वेळ मिळतो. मध्ये फट पडली तर मागच्यांना त्यांचा त्यांचा वेळ मिळतो. पुढे कुणी पडलं, रस्ता अडला, तर मागच्याचं नुकसान. म्हणून जिंकायच्या लायकीचा प्रत्येक जण पहिल्या तिसांत राहायला बघतो, आणि तीस जागांसाठी ऐंशी जण भांडतात.

यावर नियम असा आहे की शेवटच्या तीन किलोमीटरांत पडलं किंवा सायकल बिघडली तर ज्या गटात होतात त्याच गटाचा वेळ मिळतो. हल्ली काही टप्प्यांत हे अंतर वाढवतातही. तुम्ही त्या खुणेवर नजर ठेवा. खूण आली की क्रमवारीतल्या संघांची रांग बाजूला होते आणि स्प्रिंटर आणि त्यांच्या साथीदारांच्या रांगा मधून पुढे येतात. दर वेळी हे बदलणं बघायला मला फार आवडतं. दिवसभरातला सर्वात सुंदर क्षण, माझ्या मते.

तळजाई_पहाट

इथे लीडआऊटवर (साथीदाराने स्प्रिंटरला आडोसा देत रेषेजवळ पोचवण्यावर) अजून कुणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतं. स्प्रिंट म्हणजे लीडआऊट. मी हौशी गटात चालवतो, आमच्या रविवारच्या राइडला शेवटी पाटीपर्यंत सगळे तुटून पडतात, आणि दर वेळी दिसतं की आधी उठतो तो हरतो. वाऱ्यात पूर्ण ताकदीने दोनशे मीटर, फार तर अडीचशे. त्यापेक्षा जास्त कुणालाच जमत नाही. ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगाने तिथवर पोचवणारा माणूस हवा, आणि अगदी शेवटी बाजूला होणारा.

माझ्या दृष्टीने या कामाचा कळस 2009. कोलंबिया-एचटीसी संघ, मार्क रेन्शॉ आणि त्याच्यामागे कॅव्हेंडिश. पॅरिसचा शेवटचा टप्पा. प्लास द ला काँकॉर्डच्या वळणावर रेन्शॉने असा वेग लावला की मागे फट पडली. कॅव्हेंडिश जिंकला, आणि दुसरा आला रेन्शॉ! लीडआऊट करणारा माणूस काम संपल्यावर मागे पडतो, हा नेहमीचा प्रकार. इथे मागून कुणी त्याला गाठूच शकलं नाही. पुनःपुन्हा बघावा असा स्प्रिंट.

मायकल मोर्कोव्ह हा पण लीडआऊट करणाराच, पण वेगळ्या जातीचा. तो नुसत्या ताकदीपेक्षा डोक्यावर चालवायचा. ट्रॅकवर वाढलेला, मॅडिसन या जोडीने चालवायच्या शर्यतीत ऑलिंपिक सुवर्ण. 2021 मध्ये कॅव्हेंडिशने चार टप्पे जिंकून एडी मर्क्सच्या टूरमधल्या 34 टप्पे जिंकण्याच्या विक्रमाची बरोबरी केली, त्या चारांमागे मोर्कोव्ह होता. तो मागे वळून बघतोय असं फारसं दिसायचं नाही. आपला माणूस मागे आहे की नाही हे त्याला कसं कळायचं, देव जाणे.

आणि 3 जुलै 2024, सँ-व्ह्युल्बा. 35 वा विजय. त्याबद्दल लिहायला लागलो की माझा हात थांबत नाही. आधीच्या वर्षी बोर्दोला कॅव्हेंडिश दुसरा आला, ऐन स्प्रिंटमध्ये गिअरने दगा दिला. दुसऱ्या दिवशी पडला, कॉलरबोन मोडलं, टूर संपली. निवृत्ती जाहीर केली होती, ती एक वर्ष पुढे ढकलली. वय 39. पहिल्या टप्प्यात इटलीच्या उन्हात त्याला उलट्या होत होत्या, संघाचे साथीदार त्याच्यासोबत मागे राहून त्याला वेळेच्या मर्यादेत (ती चुकली की शर्यतीतून बाद) आणत होते. पाचव्या टप्प्याच्या शेवटी त्याच्यासमोर कुठली सरळ रांग नव्हती. एकाच्या चाकामागून दुसऱ्याच्या चाकामागे उडी मारत त्याने स्वतःची वाट काढली, आणि फिलिपसनला स्पष्ट मागे टाकलं. रेषेनंतर प्रतिस्पर्धी संघांतली माणसं एकेक करून त्याला मिठी मारत होती. त्या दिवशी आमच्या घरात रात्री नऊच्या सुमारास जो आरडाओरडा झाला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला.

सह्यकडा

कॅव्हेंडिशचा तो विजय कुणाला आवडणार नाही? पण ती गोष्ट त्या माणसाची आहे, टप्प्याची नाही. सँ-व्ह्युल्बापर्यंतच्या त्या चार तासांतला एखादा प्रसंग सांगा बरं.

तळजाई_पहाट

@सह्यकडा, मान्य, तो दिवस तसा शांत होता. पण तुम्ही ज्याला माणसाची गोष्ट म्हणताय ती पहिल्या टप्प्यापासून बघितल्याशिवाय उभीच राहत नाही. इटलीत मागे पडलेला माणूस बघितला नसता तर सँ-व्ह्युल्बाला मला इतकं भरून आलं नसतं.

अपघातविभाग

मी रुग्णालयात काम करते, हाडांच्या विभागात. म्हणून माझा सूर थोडा वेगळा.

मला स्प्रिंट बघताना भीती वाटते, आणि ती वाटायलाच हवी असं माझं मत आहे. 5 ऑगस्ट 2020, पोलंडच्या शर्यतीत कातोवित्सेला उताराचा शेवट होता. वेग ऐंशीच्या वर. डायलन ग्रूनेवेगनने आपली ओळ सोडली आणि फाबियो याकोब्सन कठड्यावर आदळला. कठडे उडाले. याकोब्सनला कृत्रिम कोमात ठेवावं लागलं, चेहऱ्यावर शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या, दात गेले. ग्रूनेवेगनवर नऊ महिन्यांची बंदी आली. पण उतारावर स्प्रिंटचा शेवट ठेवायचं कुणी ठरवलं? ते कठडे कुणी लावले? एका सायकलपटूला शिक्षा देऊन हे प्रश्न मिटत नाहीत.

पुढे 2022 ची टूर डेन्मार्कमधून निघाली. दुसरा टप्पा न्यूबोर्गला, जिंकला याकोब्सनने. तिसरा टप्पा सॉन्डरबोर्गला, जिंकला ग्रूनेवेगनने. लागोपाठ दोन दिवस. ग्रूनेवेगन रडत होता. दोघांनाही किती मोठ्या खाईतून वर यावं लागलं असेल, याची कल्पना मला कामामुळे थोडी करता येते. मोडलेलं हाड जुळतं. पुन्हा ताशी सत्तरने दोन खांद्यांच्या मधल्या फटीत सायकल घालायची हिंमत कशी परत येते, ते मला कुठल्या एक्स-रेमध्ये दिसलेलं नाही.

म्हणून माझी विनंती, स्प्रिंट बघताना वरून घेतलेलं चित्रण पुन्हा बघा. समोरच्या कॅमेऱ्यात सगळं एकावर एक चढलेलं दिसतं. हेलिकॉप्टरमधून कोण सरळ गेलं, कोण वाकडं आलं ते स्पष्ट कळतं. 2024 मध्ये दिजाँला फिलिपसन दुसरा आला होता, पण व्हाउट फान आर्टला कठड्याकडे दाबल्याबद्दल त्याला त्या गटाच्या शेवटी टाकलं. समोरून बघताना मला ते जाणवलंच नव्हतं, वरून बघितल्यावर पंचांचं पटलं.

वाऱ्याची_दिशा

@अपघातविभाग, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आहे. शेवटचे पाचशे मीटर सरळ आणि रुंद हवेत, त्याआधी गोल चौक नकोत, उतार नको. एवढं तरी आयोजकांच्या हातात असतं. 2025 पासून बेशिस्त चालवणाऱ्यांना पिवळी कार्डं देतात, ते ठीकच. पण रस्ता निवडणाऱ्यांना कार्ड दाखवणारं कुणी नाही.

गोंयचो_सायकलगडी

मला वेगळं काही सांगायचं आहे. 1 जुलै 2024, पिआचेन्झा ते तोरिनो, 230 किलोमीटर, त्या टूरमधला सर्वात लांब टप्पा. @सह्यकडा यांच्या हिशोबाने रटाळच. शेवटी वळणांच्या गोंधळात काही जण पडले, संघांच्या रांगा विस्कटल्या, आणि बिनियम गिर्माय उजव्या बाजूने कठड्यालगत निघून गेला. एरिट्रियाचा मुलगा. टूरचा टप्पा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी सायकलपटू. टूर सुरू झाली 1903 मध्ये, हा विजय आला 2024 मध्ये.

त्याने आणखी दोन टप्पे जिंकले आणि हिरवी जर्सी घरी नेली. सपाट टप्प्याला 50 गुण, मधल्या स्प्रिंटला 20, असे तीन आठवडे गोळा करत. युरोपात राहणारे एरिट्रियाचे लोक झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला असायचे, दर टप्प्याला वाढत गेले. डोंगरात जिंकायला लहानपणापासून वेगळी यंत्रणा लागते, मोठ्या संघाचा आठ जणांचा ताफा लागतो. स्प्रिंटमध्ये पण लागतो, पण पाय आणि डोकं असेल तर त्या शेवटच्या फटीतून कुणीही जाऊ शकतो, हे त्या दिवशी बघितलं. आपल्याकडच्या पोरांसाठी पण मला हाच रस्ता आधी दिसतो.

कऱ्हाकाठ

@गोंयचो_सायकलगडी, सुंदर प्रतिसाद. पुणे ग्रँड टूरला आमच्या भागातली शाळेची मुलं कडेला उभी होती. घोळका आला आणि गेला, अर्ध्या मिनिटाचा खेळ. पण त्या आवाजाने मुलं वेडी झाली. साखळ्यांचा, टायरांचा एकदम उठणारा आवाज. टीव्हीवर तो येत नाही.

सह्यकडा

सगळ्यांचं वाचलं. वाऱ्याचा मुद्दा मला पटला, युट्रेख्टवासींनी तो नीट मांडला. पण आयोजकांना पण माझ्यासारखंच वाटतं याचा पुरावा देतो. 27 जुलै 2025, पॅरिस. इतकी वर्षं शाँझेलिझेवर स्प्रिंट व्हायचा. या वेळी ऑलिंपिकच्या मार्गावरून मॉन्मार्त्रचा चढ तीनदा घातला. पावसात, दगडी रस्त्यावर पोगाचार आणि फान आर्ट भिडले, फान आर्टने शेवटच्या चढावर पोगाचारला सोडलं आणि एकटा जिंकला. त्या वर्षातला सर्वोत्तम अर्धा तास. स्प्रिंट झाला असता तर इतकी चर्चा झाली असती का?

तळजाई_पहाट

झाली नसती. तरी मी विरोधात आहे.

स्प्रिंटर तीन आठवडे आल्प्स आणि पिरेनीज का चढतो? सर्वात मागच्या गटात, वेळेच्या मर्यादेशी झगडत, चार-चार चढ. पॅरिससाठी. शाँझेलिझे म्हणजे त्यांचं सर्वोच्च शिखर. तो शेवट काढून घेतला तर तिसऱ्या आठवड्यात स्प्रिंटरला टूरमध्ये राहायचं कारणच कमी होतं. 2023 मध्ये तिथे योर्दी मेउस जिंकला, कुणाच्याही यादीत नसलेला. तीन आठवडे टिकून राहिल्याचं बक्षीस. मॉन्मार्त्र सुंदर होतं, पण ते दुसऱ्या कुठल्या दिवशी ठेवा.

सह्यकडा

इथे आपलं जमणार नाही. दहा जणांच्या सोयीसाठी शेवटचा दिवस राखून ठेवावा हे मला पटत नाही.

मृण्मयी_०७

महिलांची टूर कुणी बघतं का? लांबीच्या वादात ती उपयोगी पडेल असं वाटतं. 2025 मध्ये लोरेना वीबेसने लागोपाठ दोन सपाट टप्पे जिंकले, आंजेला आणि प्वातिएला, आणि दोन्हीकडे दुसरी आली मारियाना व्होस. प्वातिएचा टप्पा 130 किलोमीटरचा होता. मला कुठेही कंटाळा आला नाही. व्होस कधीपासून वीबेसच्या चाकामागे बसली होती, आणि तरीही मागून निघता आलं नाही. वीबेसचा पहिला झटकाच असा असतो की मागच्या माणसाला आडोसाच उरत नाही.

युट्रेख्टवासी

@मृण्मयी_०७ ताई, इथे डच वाहिनीवर महिलांची टूर मोठ्या प्रमाणात बघितली जाते. वीबेस आणि व्होस दोघीही इथल्याच, त्यामुळे त्या दोन दिवशी कुणाच्या बाजूने ओरडायचं हा घरोघरचा प्रश्न होता. लांबीबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. 130 ते 160 मध्ये वारा पण सापडतो आणि पळणाऱ्यांना आशा पण राहते. सह्यकडा, चला, 150 वर तडजोड करू.

सह्यकडा

@युट्रेख्टवासी, 150 चालेल.

कऱ्हाकाठ

मंडळी, आता नवख्यांसाठी एक काम करा. मला या सुट्टीत एक जुना सपाट टप्पा पूर्ण बघायचा आहे. कुठला बघू? निकाल सांगू नका.

वाऱ्याची_दिशा

@कऱ्हाकाठ, तीन सुचवतो, निकाल न सांगता.

वाऱ्यासाठी: 2013, तेरावा टप्पा, सँ-आमाँ-मॉनराँला संपणारा. घोळका एकदा फुटतो, आणि सगळं स्थिर झालं असं वाटतं तेव्हा पुन्हा फुटतो. पिवळी जर्सी (एकूण क्रमवारीत पहिल्या असलेल्याची) कुठे आहे त्यावर लक्ष ठेवा.

हृदय घट्ट करून बघायचा असेल तर 2014, पंधरावा टप्पा, निमला संपणारा, 222 किलोमीटर. जॅक बाउअर आणि मार्टिन एल्मिगर सुरुवातीपासून पुढे आहेत. शेवटचे दोनशे मीटर उभं राहून बघाल.

आणि 2023, अठरावा टप्पा, बूर-आँ-ब्रेस. माझी पहिली शिफारस हीच. तिघे पुढे, अंतर कधीच दीड-दोन मिनिटांच्या वर जात नाही, शापातच्या हिशोबाने ते मेलेलेच. मग मागून पास्कल एन्कहोर्न निघतो पुढच्यांना गाठायला. इथे हिरव्या जर्सीतला फिलिपसन स्वतः त्याच्यामागे जातो, हातवारे करून त्याला थांब म्हणतो, ते चुकवू नका. कारण फिलिपसनला ठाऊक आहे, पुढे तिघांचे चौघे झाले की गणित बदलतं.

कऱ्हाकाठ

बूर-आँ-ब्रेस ठरलं. पुढच्या चौघांत सगळ्यांनी सारखं काम करायचं असतं का? एखादा नुसता मागे बसून राहिला आणि शेवटी पुढे निघाला तर?

वाऱ्याची_दिशा

प्रत्येक पळणाऱ्या गटात हाच पेच असतो. मागे बसलात तर बाकीचे पण ओढायचं थांबवतात, एकमेकांकडे बघत राहतात, आणि तेवढ्यात घोळका येतो. ओढत राहिलात तर शेवटी पायांत काही उरत नाही. बूर-आँ-ब्रेसला एन्कहोर्न येऊन मिळाल्यावर त्याच्याच संघाचा व्हिक्टर काम्पेनार्ट्स काय ठरवतो ते शेवटच्या पाच किलोमीटरांत बघा. स्वतःच्या जिंकण्याचा विचार सोडून तो एकटा किती वेळ पुढे राहतो, ते घड्याळ लावून मोजा आणि इथे येऊन लिहा.